डावी बाजू सपाट

३ जानेवारी

ताई,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, घरच्यांची खुशाली हे सगळं आपापल्या जागी लिहिलंय असं समज आणि पुढे वाच. आठ महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र मात्र वाचशीलच. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई तू.

बातमी अशी की मी ओव्हरलॉक मशीन घेतलंय. एखादा तयार कपडा उलटा करून बघ, आतल्या कडेला दोऱ्यांची वेणीसारखी जाळी दिसेल. ती घालणारं हे मशीन. दोन सुया, चार दोरे आणि सुयांच्या शेजारी धारदार पातं. एकीकडे शिवत जातं, एकीकडे जास्तीची कड कापून टाकतं. ताणणारं कापड शिवायचं तर हेच लागतं, कारण आपल्या साध्या मशीनची टीप कापड ताणलं की तटकन तुटते. शिकवणाऱ्या बाई ऑनलाइन आहेत. बारा व्हिडिओ, आठवड्याला एक, आणि खाली प्रश्न विचारायला जागा.

तू म्हणशील, सत्तावन्नाव्या वर्षी ही कुठली हौस? हौस नाही, अडचण आहे. ऑपरेशन झाल्यापासून डावा हात खांद्यापर्यंतसुद्धा वर जात नाही. केस विंचरायला यांना हाक मारावी लागते, आणि जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस माझा भांग ओळंबा लावल्यासारखा काढतो. हाताचे व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, पोहायला लागा. याच्यासारखं दुसरं काही नाही."

मग पोहायचा पोशाख घ्यायला दुकानात गेले. पाच घालून बघितले. पाचही पोशाखांत उजवी बाजू भरली आणि डावी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. दुकानातली बाई पडद्याआडून कुजबुजली, "आत स्पंजची वाटी बसवा ना. कुणाला कळणारसुद्धा नाही."

कुणाला कळू नये असं मला वाटतच नाही, ताई. तुझं माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

तू सगळ्यांना सांगितलंस, धाकटीचा पित्ताशयाचा खडा काढला. मला विचारलंही नाहीस. मग तुझ्या पासष्टीच्या जेवणाला तुझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं, "खडा केवढा निघाला हो?" आता मी काय बोटानं माप दाखवायला हवं होतं? मी म्हटलं, "खडा नव्हता. कॅन्सर होता. डावा स्तन काढलाय." तू वाढता वाढता थांबलीस, आत गेलीस आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाहीस.

त्याबद्दल मी माफी मागणार नाही, हे सांगायला हे पत्र. मशीनची बातमी हे निमित्त.

तुझी धाकटी


१९ जानेवारी

ताई,

माझं पत्र मला परत मिळालं. लाल शाईनं तपासून. अकरा चुका. दोन वेलांट्या, तीन उकार, पाच विरामचिन्हं आणि एका शब्दाभोवती गोल. खाली शेरा नाही, सही नाही. पस्तीस वर्षं शाळेत काढलीस, मुख्याध्यापिका झालीस, हाताची सवय जात नाही हे मी समजू शकते. हे तर पाकीट बघून म्हणाले, "चला, उत्तर तरी आलं."

दहा चुका मान्य. अकरावी नाही. "कॅन्सर" या शब्दाभोवती तू जो गोल काढलास, त्यात चूक काय आहे? मी शब्दकोश काढून बघितला. मी लिहिलाय तो शब्द अगदी बरोबर आहे. म्हणून पुन्हा लिहिते. कॅन्सर, कॅन्सर, कॅन्सर. काढ गोल.

आता मशीनचं ऐक. बाईंचा चेहरा व्हिडिओत कधी दिसत नाही, नुसते हात. जाडसर, उतारवयाचे, अंगठ्याला एक जुना व्रण. आवाज अगदी शांत. तिसऱ्या धड्यात त्या चार दोरे ओवायला शिकवतात. खालच्या बाजूनं दोरा घेऊन येणारे दोन वाकडे आकडे असतात, त्यांना लूपर म्हणतात. आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की दोरा तुटतो. माझा खालचा दोरा तुटला. बाईंनी बजावलं होतं, असं झालं तर सुयांचे दोरेही काढा आणि पहिल्यापासून ओवा. मी म्हटलं, ओवलेल्या सुया कशाला मोकळ्या करायच्या? तेवढा एकच दोरा घालते.

नऊ वेळा तुटला. नवव्या वेळेला हे कपाळाला विजेरी बांधून आले आणि मशीनच्या पोटात डोकं घालून म्हणाले, "तुझ्या बाई बरोबर सांगताहेत. खालचा दोरा सुईच्या दोऱ्याखाली अडकतोय. सगळं काढ."

सगळं काढलं. पहिल्यापासून ओवलं. चाक हातानं फिरवून बघितलं आणि पाय दाबला. ताई, मशीनच्या मागून दोऱ्यांची एक लांबसडक साखळी बाहेर आली, कापडाशिवाय, नुसत्या दोऱ्यांची. मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली बघायला आली.

हेही पत्र तपासून पाठवलंस तरी चालेल. मी पुढचं लिहीनच.

धाकटी


८ फेब्रुवारी

ताई,

तपासलेलं पत्र या वेळी आलं नाही. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

पहिला पोशाख मी मारून टाकला. गर्द निळं कापड होतं, अंगाला लागलं की थंडगार वाटणारं. पाठीची शिलाई घालत होते आणि पोटाच्या बाजूची एक घडी पात्याखाली कधी सरकली, मला कळलंच नाही. साध्या मशीनवर चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. इथे पात्यानं खाल्लेलं कापड परत येत नाही. पोटावर वीतभर लांब तोंड उघडलं. मी तो कपडा हातात धरून तशीच बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पट्टी काढली, तेव्हाही अशीच बसले होते, ते आठवलं. तेव्हा तू खोलीत होतीस. तू पाठ फिरवून खिडकीचे पडदे नीट करत होतीस. पडदे नीटच होते, ताई.

असो. दुसरा बेतायला घेतला आणि अडले. सगळ्या कागदी खाक्यांमध्ये दोन्ही बाजू सारख्याच. एका बाजूला भरायला काही नसेल तर बेतायचं कसं? दोन दिवस विचार केला आणि शेवटी व्हिडिओखाली लिहिलं: "माझा डावा स्तन कॅन्सरमुळे काढला आहे. मला आत स्पंज घालायचा नाही. डावी बाजू सपाट हवी आहे. तर डावा भाग कसा कापावा?" माझ्या नावानिशी. तीस वर्षं बस आगाराच्या चौकशीच्या खिडकीत बसले, लोकांनी मला वाटेल ते विचारलं. आता मी एक प्रश्न विचारला.

लगेच खाली दोन-तीन जणींनी लिहिलं, असले विषय इथे नकोत. एकीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते कशासाठी ते तिचं तिला माहीत. बाईंनी दोन दिवस काहीच उत्तर दिलं नाही. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी नवा धडा आला. बाईंचे हात टेबलावर आले आणि बाई म्हणाल्या, "एका विद्यार्थिनीनं विचारलंय, एक बाजू सपाट असेल तर कसं बेतायचं. चांगला प्रश्न आहे. मी आजवर हे शिकवलं नाही, ही माझी चूक." मग त्यांनी खाका मधोमध कापला. डावा भाग काखेपाशी दोन बोटं आत घेतला, उंची थोडी कमी केली. म्हणाल्या, "उंची कमी केली नाही तर काखेजवळ तोंड वासतं आणि पाणी शिरतं." मग कापड ओढण्याचा वेग कसा बदलायचा ते दाखवलं, म्हणजे कडेला लाटा येत नाहीत. सगळं कसं, बाही बेतावी इतकं सहज.

त्या धड्याखाली आतापर्यंत चौदा बायकांनी लिहिलंय, "मलाही हवं होतं." चौदा, ताई. त्या सगळ्यांच्या घरी पित्ताशयाचे खडेच निघाले असतील.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

आज गंमत नाही.

परवा मावशी आली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत दोन जिने चढून आली, मला बघायला म्हणून. मशीनशेजारी माझा दुसरा पोशाख पडला होता, जवळजवळ पुरा झालेला. तिनं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, डाव्या बाजूवरून हात फिरवला.

"हे इकडे असं का?"

"इकडे काही नाही ना, मावशी. म्हणून."

ती बराच वेळ कापड चाचपत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आईची उजवी बाजू होती."

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचाच चेहरा उतरला. "थोरलीनं तुला सांगितलं नाही? अजून?"

मग तिनं सगळं सांगितलं. आईला दोन वर्षं गाठ होती. आई कुणाला बोलली नाही. छातीला फडकं घट्ट आवळून बांधायची आणि वरून सैल कपडे घालायची. गाठ फुटल्यावर ती फडकी तू धुवायचीस. बाबा उठायच्या आत, मागच्या मोरीत. सोळा वर्षांची होतीस. आईनं तुला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही, धाकटीला तर नाहीच. आणि आई गेल्यावर सगळ्यांना सांगितलं गेलं, अशक्तपणानं गेली.

मी आठ वर्षांची होते. एवढंच आठवतं की त्या दिवसांत तुझ्या हातांना सतत साबणाचा वास यायचा.

ताई, त्या सोळा वर्षांच्या पोरीला मी एका शब्दानं बोलणार नाही. ती समोर आली तर मी तिला पोटाशी धरीन. पासष्ट वर्षांच्या तुला मात्र विचारते. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आपण दोघी शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला होता? आई कशानं गेली?" मी तुझ्याकडे बघितलं, कारण मला माहीत नव्हतं. आणि तू सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "अशक्तपणानं." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. माझ्या उपचारांचा कागद होता तो, ताई. गणिताच्या बाईंना तू काहीही सांग. माझ्या डॉक्टरांना?

काल मी जाऊन तो कागद दुरुस्त करून आले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग तुमच्या बहिणीची आणि भाचीची तपासणी व्हायला हवी. उशीर न करता."

तुझ्या लेकीला हे तू सांग. तुझ्या तोंडून कळलेलं बरं. मी पंधरा मार्चपर्यंत वाट बघीन. सोळाला मी सांगेन. धमकी समज हवं तर.


१० मार्च

ताई,

पाच दिवस उरले. आठवण करून देते.

दरम्यान मी पाण्यात उतरले. मांडीच्या कडेला रबर लावताना तीन वेळा घाम फुटला, कारण रबर ओढून धरायचं पण कापड ओढायचं नाही, आणि मला हात एकच धड. शेवटी हे समोर बसले, दुसरं टोक धरून. "लिफ्टची तार अशीच ताणून धरायची," म्हणाले. झाला एकदाचा पोशाख. निळाच. डावी बाजू सपाट ती सपाट.

तलावावर सकाळी आठ ते नऊ बायकांची वेळ. कपडे बदलायच्या खोलीत मी टॉवेल काढला तेव्हा बोलणं थांबलं. मी मुद्दाम सावकाश चालत गेले, शिडी धरली आणि उतरले. पाण्यानं हात उचलला, ताई. मी उचलला नाही, पाण्यानं उचलला. खांद्याच्या रेषेत आला आणि तिथेच तरंगत राहिला. मी पाण्यात तोंड घालून रडले, कारण तिथे कुणाला कळत नाही. ही एवढी एक गोष्ट मीही लपवली, घे.

चौथ्या दिवशी व्यवस्थापक साहेबांनी ऑफिसात बोलावलं. तरुण माणूस आहे, भिडस्त. टेबलावरचा पेन इकडून तिकडे ठेवत होता.

"बाई, गैरसमज करून घेऊ नका. पण काही सभासदांना जरा... अवघडल्यासारखं होतंय."

"कशामुळे?"

"म्हणजे ते... तुमच्या डाव्या बाजूचं."

"डाव्या बाजूला काहीच नाही, साहेब. जे नाही त्याचा त्रास कसा होईल?"

त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "वरून एखादा टी-शर्ट घातला तर?"

मी त्याला भिंतीवरची पाटी दाखवली. चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं काढली, मी आधी पाटी वाचते. "नियम चार. सुती कपडा घालून पाण्यात उतरू नये. पोशाख ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, अंगाबरोबर असावा. माझा तसाच आहे. आत काय काय असावं याची यादी तुमच्या पाटीवर नाही."

"दुपारी दोन ते तीन तलाव रिकामा असतो. तुम्हाला शांतपणे..."

"मला आठ वाजता शांत वाटतं."

म्हणाला, समितीपुढे ठेवावं लागेल. मी म्हटलं, ठेवा, मीही येते, आणि येताना हाच पोशाख घालून येते. बाहेर आले तर तलावाची राखण करणारी बाई दाराशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. तिनं माझी टोपी झटकून माझ्या हातात दिली. तक्रार कुणी केली तेही तिनंच डोळ्यांनी दाखवलं. एक बाई आहेत, रबरी फुलांची टोपी घालतात.

पाच दिवस, ताई.

धाकटी


१६ मार्च

ताई,

सांगितलं.

सकाळी तिच्या दवाखान्यात गेले. तुझी लेक एका कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होती. मी म्हटलं, आधी ते आटप. तिनं आटपलं, हात धुतले, माझ्यासमोर बसली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. आईचं, फडक्यांचं, शपथेचं, डॉक्टरीणबाईंच्या कागदाचं.

ती रडली नाही. म्हणाली, "मावशी, गेल्या वर्षी मी तपासणीचा फॉर्म भरला होता. तुझं कॅन्सरचं लिहिलं. आजीच्या नावासमोर 'अशक्तपणा' लिहिलं. आईनं शेजारी बसून सांगितलं होतं."

मग उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "जनावरांना बोलता येत नाही म्हणून मला त्यांचं अंग चाचपावं लागतं. आमच्या घरात तर सगळ्यांना बोलता येतं."

या न बोलणाऱ्यांत माझंही नाव येतं असं ती म्हणाली. बरोबर आहे. मीही तुला अठरा दिवस दिले, तिचे अठरा दिवस.

तिला मी सांगितलंय, आई विचारेल तेव्हा माझं नाव घे, मुळीच लपवू नकोस. तू काय बोलायचं ते मला बोल. पत्ता तुझ्याकडे आहे, लाल शाईही आहे.


११ एप्रिल

ताई,

तुझा फोन आला. अकरा महिन्यांनी. तू फक्त एवढंच बोललीस, "दोघींच्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. झालं समाधान?" आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवलास.

हो, झालं समाधान. दोघी धडधाकट आहात हे ऐकून मी खुर्चीत बसले आणि यांना पाणी आणायला सांगितलं. एवढं समाधान मला माझ्या शेवटच्या तपासणीच्या दिवशीही झालं नव्हतं.

पण काही निघालं नाही म्हणून तू जिंकलीस असा हिशेब मी मानत नाही. तू लेकीचा हात धरून तपासायला गेलीस, त्या दिवशीच ते गप्प राहणं संपलं. कागदावर काय आलं ही पुढची गोष्ट. दर वर्षी जायचंय, डॉक्टरीणबाईंनी तुलाही सांगितलं असेल. लेक म्हणाली, आत जाताना तू तिची पर्स इतकी घट्ट धरली होतीस की पट्टा तुटला. पाठवून दे, ओव्हरलॉकचं काम नाही ते, पण शिवून देते.

इकडची खबर. बाराही धडे संपले. शेवटी राहिलेली दोऱ्याची साखळी मोठ्या नेढ्याच्या सुईनं परत शिलाईत ओवायची, म्हणजे टोक सुटत नाही, हा शेवटचा धडा. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. मी रोज आठ वाजता जाते. त्या चौदा बायकांपैकी दोघी याच शहरात राहतात. एक शाळेची बस चालवते, एक दाताच्या दवाखान्यात काम करते. बसवालीची उजवी बाजू, दवाखानेवालीच्या दोन्ही. दोघींची मापं घेतली. दवाखानेवालीला लालभडक हवाय. "इतकी वर्षं पांढऱ्या कपड्यांत काढली," म्हणाली. बाईंनी माझ्या पोशाखाचा फोटो मागवलाय, वर्गाला दाखवायला. मी घातलेला पाठवलाय.

धाकटी


४ मे

ताई,

काल रविवारी तू तलावावर आलीस. लेक माझ्याबरोबर पोहायला येते, तिनं तुला गाडीत घालून आणलं, हे मला नंतर कळलं. मी पाण्यात होते. मान वर काढली तर काठावरच्या बाकावर तू. मांडीवर पर्स, पायांत बंद बूट, शाळेच्या तपासणीला आल्यासारखी ताठ. मी हात वर केला. डावा. पूर्ण वर, कानाला लागेपर्यंत. तू बघितलंस, मला माहीत आहे. मग मी दुसऱ्या काठाला गेले, आणि परत आले तेव्हा बाक रिकामा होता.

मला राग आला. आता उघडच सांगते, फार राग आला. म्हटलं, एवढ्या लांब येऊन पडदेच नीट करून गेली.

कपडे बदलायला गेले तर राखणदार बाई माझी वाटच बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं. म्हणाली, "त्या बाकावरच्या बाई तुमच्या कोण?"

"बहीण. का?"

मग तिनं सांगितलं. फुलांच्या टोपीवाल्या बाई पाण्यात उतरायच्या आधी तुझ्या शेजारी टेकल्या. तू कोण हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्याकडे हनुवटीनं दाखवून म्हणाल्या, "बघा तरी, काही लाजबीज? काय झालंय तिला, कोण जाणे."

राखणदार बाईनं तुझी हुबेहूब नक्कल केली. आधी पर्स बाजूला ठेवली. मग उठून उभी राहिली. मग तुझ्या त्या प्रार्थनेच्या वेळच्या, शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "तिला कॅन्सर झाला होता. आमच्या आईलाही झाला होता, आई त्यातच गेली. ती माझी धाकटी बहीण आहे. आणि तुम्ही टोपी उलटी घातली आहे."

सगळा तलाव ऐकत होता म्हणे. माझंच डोकं तेवढं पाण्याखाली होतं.

मी ओल्या अंगानं तिथेच फरशीवर बसले. राखणदार बाई घाबरली, चक्कर आली का म्हणून विचारायला लागली. मग तू का निघून गेलीस ते तिनंच सांगितलं. तू बाहेर गाडीपाशी उभी होतीस, तोंड झाडाकडे करून, आणि लेकीनं दोनदा हाक मारली तरी वळली नाहीस.

ताई, एकोणपन्नास वर्षांनी तू ते बोललीस, आणि बोललीस ती कुणापाशी, तर उलट्या टोपीपाशी. माझ्याशी अजून बोललेली नाहीस. डॉक्टरीणबाईंच्या खोलीतलं मी विसरलेली नाही, विसरणारही नाही, आणि त्याबद्दल तुला माझ्यासमोर बसून बोलावं लागेल. मी सोडणार नाही. तू लिहून आणलंस तरी चालेल, मी चुका काढणार नाही.

पण आधी कामाचं. लेक म्हणते, तू परतताना गाडीत विचारलंस, तिथलं पाणी किती खोल आहे. एका टोकाला कमरेइतकंच आहे. पोहायला शिकवणारी बाई चांगली आहे, आणि पहिले आठ दिवस मी शेजारी उभी राहीन.

म्हणून मापं पाठव. छाती, कंबर, बैठक, आणि खांद्यापासून दोन्ही पायांमधून फिरून परत त्याच खांद्यापर्यंत. लेकीला टेप धरायला सांग, स्वतः घेऊ नकोस. आणि कंबर आहे तेवढीच लिही. कापड ताणतं, पण तू सांगतेस तेवढं नाही.

धाकटी